टोपीतला आकडा कुठे जातो, ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवरून न्हावा-शेव्याला कंटेनर नेणाऱ्या एका कंपनीने ट्रेलरच्या ड्रायव्हरांना कपाळाला सेन्सर टेकणारी टोपी दिली आहे. टोपी मेंदूच्या लहरी टिपते, एआय त्यावरून थकव्याचा आकडा काढतं आणि आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की ट्रिप दुसऱ्याला जाते. ट्रिपसोबत भत्ताही जातो. सोमवारपर्यंत चार पानी इंग्रजी फॉर्मवर सह्या हव्यात. युनियनचे सेक्रेटरी विचारतात: सही करायची का? डोक्यात काय चाललंय ते कंपनीला कळेल का? आणि कायदा आमच्या बाजूने आहे का?

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. परळच्या एका रुग्णालयात २४ वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, काढते आहे आणि त्यातली शेवटची ९ वर्षं एथिक्स कमिटीवरही बसते. त्यामुळे मशीनबद्दल मी छातीठोकपणे बोलेन. कायद्याबद्दल कमिटीत कलमं वाचून जेवढं पक्कं झालंय तेवढंच सांगेन. करार करण्याआधी तुमच्या वकिलाला दाखवाच.

डोक्यात काय चाललंय ते कळणार नाही. घरी भांडून आलात की नाही, मुकादमाला मनात काय शिव्या घातल्यात, मत कुणाला दिलंत, यातलं काही त्या टोपीला दिसत नाही. डोक्याच्या कातडीवर पोचणारी मेंदूची वीज १० ते १०० मायक्रोव्होल्ट असते, आणि मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. एवढ्या क्षीण विजेतून लाखो पेशींचा एकत्रित गलबला ऐकू येतो, शब्द नाही. वानखेडेच्या बाहेर रस्त्यावर उभं राहिलं तर विकेट पडली एवढं आरडाओरड्यावरून कळतं, पण जी ब्लॉकमधल्या तिसऱ्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला काय म्हणाला ते कळत नाही. तसंच हे. गंमत म्हणजे १९२४ मध्ये माणसाचा ईईजी पहिल्यांदा टिपणारे जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांना मुळात टेलिपथीचं कोडं उलगडायचं होतं. ते उलगडलं नाही, पण फिट्स ओळखायचं यंत्र मात्र आम्हाला मिळालं.

‘एआयने विचार वाचले’ अशी बातमी तुम्ही वाचली असेल. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा सारांश मेंदूच्या चित्रांवरून काढून दाखवला, हे खरं आहे. पण त्यासाठी एकेका माणसाला एमआरआय मशीनमध्ये १६ तास गोष्टी ऐकवाव्या लागल्या. एकावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्यावर चाललं नाही, आणि माणसाने मुद्दाम मनात प्राण्यांची नावं घ्यायला किंवा दुसरीच गोष्ट सांगायला सुरुवात केली की त्याच्यावरही कोलमडलं. त्याच वर्षी अमेरिकेत, वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून मिनिटाला साठ ते ऐंशी शब्दांच्या वेगाने बोलणं उलगडलं गेलं, पण तिथे कवटी उघडावी लागते. तुमच्या टोपीचा या घराण्याशी फार लांबचा संबंध आहे.

मग टोपीला दिसतं काय? झोपेची चाहूल. ही गोष्ट ईईजीला खरंच चांगली कळते, हे कंपनीच्या बाजूने आधीच मान्य करते. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणारी अल्फा लहर चालू असते. डुलकी लागायला आली की ती विरते, तिच्या जागी संथ लहरी येतात, बुबुळं हळूहळू डावी-उजवीकडे तरंगू लागतात. लॅबमध्ये हे मी रोज बघते. रुग्ण शपथेवर सांगतो, ‘मी जागाच होतो, मॅडम,’ आणि रेषा सांगते की चार मिनिटं झोपला होता.

पण लॅबमध्ये हे दिसावं म्हणून आम्ही काय काय करतो तेही बघा. आदल्या दिवशी निरोप देतो: डोकं शाम्पूने धुवा, तेल अजिबात नको. मग टेपने डोकं मोजून लाल पेन्सिलीने २१ खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवरची कातडी घासायची, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवायचे. एसी लावायचा, मोबाइल बाहेर ठेवायला लावायचा, तोंडात काही नाही ना ते बघायचं. एकदा एका आजोबांच्या रेषेत कानशिलापाशी जाड काळे झुपके येत होते. मी तीन वेळा इलेक्ट्रोड बदलला. शेवटी त्यांची सून म्हणाली, ‘ताई, गालात सुपारी आहे त्यांच्या.’ चावण्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते. आणि मे महिन्यात एसी बंद पडला की घामाने सगळी रेषाच भरती-ओहोटीसारखी सावकाश डोलू लागते. शिकाऊ मुलं तिला हमखास संथ लहर समजतात. आम्ही त्यांना ओरडून शिकवतो की तो मेंदू नव्हे, घाम आहे.

आता तुमचा ड्रायव्हर घ्या. डोक्याला तेल, गालात तंबाखू, केबिनमध्ये दुपारची दोनची उष्णता, खाली इंजिनाची थरथर, आणि सेन्सर कुठे? कपाळावर. कपाळावर सगळ्यात मोठ्याने ऐकू येते ती डोळ्यांची उघडझाप आणि भुवयांचे स्नायू. अल्फा लहरीचं मुख्य ठाणं मागे आहे. घाम संथ लहरीचा आव आणू शकतो आणि जागा माणूस पेंगतोय असं ठरू शकतं. तंबाखू चघळण्याने वेगवान लहरीचा भास होऊ शकतो आणि पेंगणारा तरतरीत ठरू शकतो. याहून वाईट गोष्ट औषधांची आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी, डॉक्टर ज्यांना बेंझोडायझेपीन म्हणतात, माणूस गुंगतो पण ईईजीत वेगवान बीटा लहरी वाढतात. ‘बीटा म्हणजे जागा’ असं ढोबळ शिकलेलं मॉडेल अशा माणसाला हिरवा दिवा दाखवेल आणि चाळीस फुटी कंटेनर घेऊन तो पळस्पे फाट्याकडे निघेल. काही निरोगी माणसांत अल्फा लहर जन्मजातच दिसेल न दिसेल अशी असते, त्यांचं काय करायचं हाही प्रश्न आहेच.

चांगल्या कंपन्या हे दोष कमी करायला धडपडतात, आणि डोळ्यांच्या उघडझापीवरूनही पेंग बऱ्यापैकी कळते. म्हणून टोपी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पहाटे साडेतीनला स्टिअरिंगवर डोळा लागलेल्या माणसाच्या कानात कुणी बीप वाजवून त्याला जागं केलं, तर त्या बीपच्या मी बाजूने आहे.

माझं भांडण बीप झाल्यानंतरच्या प्रवासाशी आहे. आकडा ड्रायव्हरच्या कानाशी थांबला तर ते सुरक्षेचं साधन. तोच आकडा वडाळ्याच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर गेला, महिनाभर साठला, त्यावरून भत्ता कापला गेला, की ते हजेरीचं मस्टर झालं. मशीन तेच, सेन्सर तोच. ऑफिसातला साहेब त्या आकड्यातला घाम आणि तंबाखू वेगळी काढू शकत नाही. त्याला फक्त ‘६१’ दिसतं. आणि भत्ता जाणार म्हटल्यावर थकलेला ड्रायव्हर काय करणार? आकडा वर ठेवायची युक्ती शोधणार. दात आवळणार, जबडा हलवत राहणार. म्हणजे ज्या थकव्यासाठी टोपी आणली तोच लपवायला माणूस शिकणार.

आकड्यापेक्षाही मला कच्च्या नोंदीची धास्ती जास्त आहे. आकडा काढण्यासाठी टोपी सेकंदाला शेकडो वेळा जी वीज मोजते, ती मूळ रेषा कुठे साठते, हे तुमच्या फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही. फिट्सचा संशय असला की आम्ही रुग्णाला सांगतो, आदल्या रात्री जागरण करून या. कारण झोप मोडलेल्या मेंदूत फिट्सच्या खुणा सहज वर येतात. म्हणजे थकलेल्या ड्रायव्हरची कित्येक तासांची नोंद ही, कुणी न मागता, फिट्सची तपासणीच होऊन बसते. आणि लायसन्ससाठी आपण जो फॉर्म १ भरतो त्यात अपस्माराचा, म्हणजे फिट्सचाच, प्रश्न पहिल्या काहींमध्येच आहे. आज कंपनीकडे ती रेषा वाचणारं मॉडेल नसेल. रेषा जपून ठेवली तर पुढच्या वर्षीचं मॉडेल मागच्या वर्षीची नोंद वाचू शकतं, आणि तुमची सही तर आधीच झालेली असते.

यात माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका कारखान्यातला क्रेन-ऑपरेटर चक्कर येते म्हणून आला होता. संध्याकाळी त्याच्या कंपनीतून फोन: ‘आमच्या माणसाचा रिपोर्ट काय?’ मी म्हणाले, ‘अजून डॉक्टरांची सही व्हायचीय, पण थोडं काहीतरी दिसतंय.’ एवढंच. दोन दिवसांनी डॉक्टरांनी वाचून सांगितलं की झोपेच्या काठावर येणारे ते टोकदार आकार निरुपद्रवी आहेत, अनेक निरोगी माणसांत दिसतात. तोवर त्याला क्रेनवरून उतरवून गोदामात बसवलं होतं. नॉर्मलचा रिपोर्ट गेल्यावरही त्याला वर चढवलं नाही. ‘डोक्याचं काहीतरी आहे’ हे वाक्य एकदा पसरलं की कागदाने परत येत नाही. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, पण फोनवरचं माझं वाक्य शब्दन् शब्द आठवतं.

आता कायदा. मेंदूवरच्या यंत्राचं प्रकरण महाराष्ट्राला नवं नाही. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याच्या वेळी, २००४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेन मॅपिंग, म्हणजे आरोपीच्या मेंदूच्या लहरींची चाचणी, करायला हरकत नाही असं म्हटलं होतं. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला आणि जगभर त्यावर चर्चा झाली. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. तसं करणं राज्यघटनेच्या कलम २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) च्या विरुद्ध आहे. निकाल मोठा आहे, अभिमानाचा आहे. पण तो आरोपी आणि पोलीस यांच्यातला आहे. तुमच्या बाबतीत टोपी पोलिसांनी घातलेली नाही. उद्या अपघात झाला, पोलिसांनी कंपनीकडे पडून असलेली नोंद मागितली, तर सेल्वीची ढाल आपोआप मिळेल असं धरून चालू नका. नोंद मुळात पडूनच नसली तर हा प्रश्नच येत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर आयटी कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत शारीरिक, मानसिक आरोग्याची आणि बायोमेट्रिक माहिती ‘संवेदनशील’ धरली आहे आणि ती घेण्याआधी लेखी संमती लागते. नव्या कायद्यात उलट संवेदनशील डेटा असा वेगळा वर्गच नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि तुमच्या मेंदूची रेषा त्याच्या लेखी एकाच रांगेत. मला हा त्या कायद्यातला सर्वांत मोठा खड्डा वाटतो.

आणि आता जरा नीट वाचा, कारण इथे बहुतेक जण फसतात. नव्या कायद्याचं कलम ७(आय) म्हणतं की नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसान वा जबाबदारीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याच्या संमतीशिवायही डेटा वापरता येतो. अपघात टाळणं हे त्यात बसतं असा युक्तिवाद कंपनीचा वकील नक्की करेल. शिवाय आपली माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला लावण्याचा हक्क कलम ११ आणि १२ मध्ये आहे तो मुख्यतः संमती दिलेल्यांना. म्हणजे ‘आम्ही सहीच करत नाही’ म्हणून तुम्ही ताठ बसलात आणि कंपनीने ७(आय) च्या दाराने आत शिरायचं ठरवलं, तर टोपीही डोक्यावर येईल आणि पुसायला लावायचा हक्कही हातात नसेल. म्हणून माझा सल्ला तुम्हाला उलटा वाटेल. या फॉर्मवर सही करू नका, पण सही करण्याजोगा फॉर्म तुम्हीच लिहून पुढे ठेवा. संमती तुमच्या अटींवर देणं हे संमती न देण्यापेक्षा तुम्हाला जास्त काही मिळवून देतं.

परदेशातलं झटपट सांगते, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी ते काढेलच. युरोपच्या एआय कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारं एआय बंद केलं आहे; पण त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत थकवा ही भावना नव्हे, आणि अपघात टाळण्यासाठी पायलट किंवा ड्रायव्हरचा थकवा ओळखणं या बंदीत येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा ‘युरोपात बंदी आहे’ असं टेबलावर बोलू नका, समोरचा वकील तुम्हाला तिथेच आडवा करेल. चिलीचं उदाहरण जास्त कामाचं आहे. तिथे २०२१ मध्ये मेंदूच्या डेटाचं रक्षण राज्यघटनेत घातलं गेलं आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेंदूच्या लहरी टिपणारी यंत्रं विकणाऱ्या इमोटिव्ह या कंपनीला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया यांनी २०२४ मध्ये मेंदूचा डेटा संवेदनशील ठरवला. युनेस्कोची शिफारस नोव्हेंबर २०२५ मध्ये आली, पण ती शिफारसच आहे. मेंदूच्या डेटावरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या न्यूरोराइट्स फाउंडेशनने २०२४ मध्ये अशी उपकरणं विकणाऱ्या ३० कंपन्यांचे करारनामे वाचले, तेव्हा २९ कंपन्यांनी ग्राहकाच्या मेंदूच्या डेटावर स्वतःचा हात ठेवला होता. तुमच्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर ‘कंपनी, तिच्या सहयोगी संस्था आणि सेवा सुधारण्यासाठी नेमलेले इतर’ असे शब्द आहेत. ‘इतर’ मध्ये विमा कंपनीही येते.

तर फॉर्म कसा हवा. आधी मराठी आणि हिंदीत मागा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत नोटीस मागायचा हक्क नव्या कायद्याने दिला आहे, आणि तुमचे निम्मे लोक सातारा-बीडचे, निम्मे जौनपूरचे आहेत; इंग्रजी कागदावरचा अंगठा ही संमती म्हणायची तर अवघड आहे. कच्ची रेषा टोपीतच वाचून तिथेच पुसली जावी, ऑफिसला जाऊ नये. ही अट मिळाली तर बाकीच्या निम्म्या अटींची गरजच उरत नाही, म्हणून सगळा जोर इथे लावा. आकडा ड्रायव्हरला आणि फार तर ड्युटीवरच्या सुपरवायझरला त्या क्षणापुरता दिसावा. त्यावरून मेमो, बढती, बदली, भत्ताकपात नाही. ट्रिप काढून घेतली तर भत्ता भरून मिळावा. नाहीतर मागे सांगितलेली दात आवळायची गोष्ट घडणारच. शिस्तीचे नवे नियम आणायचे तर बदलाची नोटीस द्यावी लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मॉडेल कुणाच्या डोक्यांवर शिकवलंय, हेही लेखी विचारा. थंड देशातल्या खाणकामगारांवर शिकलेलं यंत्र वडाळ्याच्या घामाला काय समजेल, ते त्यांनाच सांगू दे.

आणि एक मागणी अशी की जी वकील सुचवणार नाही. जिथे टोपीचा आकडा छापाल, त्याच कागदावर त्या ड्रायव्हरच्या मागच्या सात दिवसांच्या ड्युटीचे तास छापा. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यापासून दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही साधारण मर्यादा चालत आली आहे. यार्डाबाहेर रांगेत केबिनमध्ये काढलेली रात्र कंपनीच्या हिशोबात विश्रांती असते. मेंदूच्या हिशोबात नसते. त्या कागदावर ‘६१’ च्या शेजारी ‘७४ तास’ दिसले, की थकवा कुणाचा आणि कुणामुळे, हे सांगायला एआय लागत नाही. कंपनी या अटीला सगळ्यात आधी नाही म्हणेल असा माझा अंदाज आहे.

सोमवारी घाईने सही द्यावीच लागली, तर सहीच्या वर हाताने एवढं लिहा: ‘फक्त गाडी चालवताना झोप ओळखण्यासाठी, तीन महिन्यांच्या चाचणीपुरती संमती. कच्ची नोंद साठवण्यास, इतर कोणाला देण्यास व शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरण्यास संमती नाही.’ त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चाचणी कंपनीच्या एसी हॉलमध्ये होऊ देऊ नका. भर दुपारी टर्मिनलवर, चालू इंजिनाच्या केबिनमध्ये करा, दहा-बारा जणांवर, आणि आपला माणूस शेजारी बसून जागा-झोपलेला याची वेळ लिहील असं बघा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की तेल लावू नका, तोंडात काही ठेवू नका. तुमच्या पोरांना सांगा, रोज येता तसेच या. तेल लावून, तंबाखू मळून.